टेस्टोस्टेरॉनचं इंजेक्शन: त्यांना दहा आठवड्यांनी, मला चौदा आठवड्यांनी, असं का?

गोदाकाठ (३ ऑगस्ट, रात्री १०:१५)

नमस्कार मंडळी. या विषयावर आपल्याकडे घरातसुद्धा बोललं जात नाही. मी दहा वर्षं हे इंजेक्शन घेतोय आणि माझ्या सख्ख्या भावाला ते कशाचं आहे हे गेल्या वर्षी कळलं. म्हणून हा धागा काढतोय.

माझी पार्श्वभूमी अशी. वय ४६, नाशिकला हार्डवेअरचं दुकान. २०१५ मध्ये गाडी चालवताना दोन्ही बाजूंचं दिसेना. तपासात पिट्यूटरीवर, म्हणजे मेंदूखालच्या, बाकी ग्रंथींना हुकूम देणाऱ्या ग्रंथीवर, मोठी गाठ निघाली. कॅन्सर नव्हता, पण डोळ्यांच्या नसांवर दाब येत होता. मुंबईला नाकावाटे ऑपरेशन झालं. नजर परत आली, ग्रंथीचं काम मात्र बरंचसं थांबलं. तेव्हापासून पहाटे थायरॉक्सिन, मग हायड्रोकॉर्टिझोन आणि ठरलेल्या अंतराने टेस्टोस्टेरॉन.

पहिली दोन वर्षं टेस्टोस्टेरॉनच्या काही रूपांचं मिश्रण असलेलं २५० मिलिग्रॅमचं इंजेक्शन होतं, दर तीन आठवड्यांनी. पहिले चार-पाच दिवस अंगात वारं शिरायचं. पाठीवर पुटकुळ्या, आणि साध्या बोलण्यातही माझा आवाज चढायचा. तिसऱ्या आठवड्यात सगळं उलटं. दुपारी गल्ल्यावर बसल्या बसल्या डोळे मिटायचे, गिऱ्हाईक समोर उभं असायचं. बायको कॅलेंडर बघून ओळखायची की आज मी कसा असणार.

मग अनडेकॅनोएट हे टेस्टोस्टेरॉनचं लांब पल्ल्याचं इंजेक्शन सुरू झालं, १००० मिलिग्रॅम, चार मिली. ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगतो: ते औषध एरंडेलात असतं, काकवीसारखं दाट. सिस्टर बाटली दोन्ही तळव्यांत धरून आधी कोमट करतात. मी कुशीवर झोपतो, सुई कमरेच्या मांसल भागात जाते आणि दांडा इतका सावकाश दाबतात की भिंतीवरच्या घड्याळाचा सेकंदकाटा दोन वेळा फिरून येतो. नंतर अर्धा तास तिथंच बसवून ठेवतात. त्या चढ-उतारातून मात्र सुटलो. माझं अंतर चौदा आठवडे ठरलंय.

आता मुद्दा. गेल्या महिन्यात ओपीडीत बाकावर शेजारी एक गृहस्थ होते. तसंच ऑपरेशन, तीच बाटली, तीच सुई. पण त्यांना दर दहा आठवड्यांनी. मी घरी येऊन हिशोब मांडला. वर्षाला त्यांना पाच इंजेक्शनं, मला चार नाहीत. गेले काही महिने मला पुन्हा थकवा आहे, थंडी सोसत नाही, संध्याकाळी पाय ओढत चालतो. तेव्हापासून डोक्यात एकच: मला कमी पडतंय का? अंतर कमी करून मागावं का?

---

मँचेस्टरकर (३ ऑगस्ट, रात्री ११:५०)

मीही पिट्यूटरीवाला. इथे प्रॅक्टिस नर्स देते, मला बारा आठवडे.

एक अनुभव लगेच सांगतो. माझा रिपोर्ट १५.२ आला तेव्हा मी सोलापूरला वडिलांना फोटो पाठवला. त्यांनी नेटवर पाहिलं की नॉर्मल ३०० च्या वर हवं, आणि रात्री दोनला फोन केला. इथं मोजमाप नॅनोमोल प्रति लिटरमध्ये असतं, तुमच्याकडे नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये. इथल्या आकड्याला २८.८ ने गुणायचं. म्हणजे १५.२ हे साधारण ४३८ होतात, अगदी व्यवस्थित. वडिलांची ती रात्र मात्र गेली. आकडे शेजारी ठेवण्याआधी एकक बघा, एवढंच.

---

सह्यकडा (४ ऑगस्ट, सकाळी ६:३०)

गोदाकाठ, हे उघडपणे लिहिलंत, फार चांगलं केलंत. मी हार्मोनच्याच शाखेचा डॉक्टर आहे. तुमचा उपचार मी इथून ठरवू शकत नाही, ते तुमच्या डॉक्टरांचं काम. पण प्रश्न मोलाचा आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी हे बघा की निरोगी माणसांतच किती फरक असतो. १९ ते ३९ वयाच्या, लठ्ठ नसलेल्या निरोगी पुरुषांची एकूण टेस्टोस्टेरॉनची संदर्भ-पातळी २६४ ते ९१६ नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटर धरली जाते. तिपटीहून जास्त अंतर, आणि दोन्ही टोकांची माणसं ठणठणीत. शरीर स्वतः दिवसाला साधारण ३ ते १० मिलिग्रॅम बनवतं. निसर्गानेच सगळ्यांना एक माप दिलेलं नाही, तर औषधाचं एक माप कसं असेल?

दुसरं, बाटलीवर लिहिलेले मिलिग्रॅम म्हणजे निव्वळ हार्मोन नव्हे. तेलात टिकावं म्हणून टेस्टोस्टेरॉनला एक शेपटी जोडलेली असते, तिला एस्टर म्हणतात. शेपटी लांब, तर औषध स्नायूतून हळू सुटतं. प्रोपिओनेट एक-दोन दिवसांत ओसरतं, एनान्थेट आठवडाभर साथ देतं, एरंडेलातल्या अनडेकॅनोएटचं अर्धायुष्य महिनाभराचं. त्या शेपटीचंही वजन मिलिग्रॅममध्ये धरलेलं असतं. अनडेकॅनोएटच्या १००० मिलिग्रॅममध्ये प्रत्यक्ष टेस्टोस्टेरॉन ६३० च्या आसपास, एनान्थेटच्या २५० मध्ये १८०. म्हणून कुणी ‘मी इतके मिलिग्रॅम घेतो’ म्हणालं, तर कोणतं एस्टर हे कळल्याशिवाय तो आकडा अर्धाच असतो.

मग माणसामाणसातला फरक येतो. रक्तातलं बहुतेक टेस्टोस्टेरॉन प्रथिनांना चिकटून फिरतं, मोकळं असतं जेमतेम दोन-तीन टक्के. चिकटवून ठेवणारं मुख्य प्रथिन म्हणजे एसएचबीजी. लठ्ठपणा, टाईप २ मधुमेह, थायरॉईड मंद असणं, यांत ते कमी होतं. मग एकूण आकडा कमी दिसतो, पण मोकळा हिस्सा ठीक असू शकतो. वाढतं वय, यकृताचे आजार, थायरॉईड जास्त असणं आणि फिटांची काही औषधं यांत ते वाढतं; मग एकूण आकडा छान दिसतो आणि पेशींच्या वाट्याला मात्र कमी येतं. दोघांचे रिपोर्ट सारखे आणि तब्येती वेगळ्या, हे मी दर आठवड्याला बघतो.

आणि शेवटी पेशी त्याचं काय करते हा भाग. टेस्टोस्टेरॉनचा काही हिस्सा डीएचटी हे त्याहून जोरदार पुरुषी हार्मोन होतो, काही चरबीच्या पेशींत इस्ट्रोजेन होतो. ज्या कुलपात ही किल्ली बसते त्या अँड्रोजन रिसेप्टरच्या जनुकात सीएजी ही अक्षरं ओळीने पुन्हा पुन्हा येतात. सरासरी बावीसच्या आसपास, पण कुणात पंधरा, कुणात तीस. ओळ आखूड असली की तेवढ्याच हार्मोनला पेशी जास्त प्रतिसाद देते. ही तपासणी आम्ही नेहमी करत नाही, पण फरकाचं एक मूळ इथं आहे.

संशोधक भसीन यांच्या गटाचा २००१ मध्ये प्रसिद्ध झालेला प्रयोग मला फार शिकवून गेला. ६१ निरोगी तरुणांचं स्वतःचं उत्पादन औषधाने थांबवलं आणि गट पाडून आठवड्याला २५, ५०, १२५, ३०० किंवा ६०० मिलिग्रॅम एनान्थेट दिलं, वीस आठवडे. १२५ च्या गटाची सरासरी ५४२ आली, ३०० च्या गटाची १३०० च्या वर गेली. डोस अडीच पटीने वाढला तेव्हा पातळीही तितकीच वाढली. स्नायू, चरबी, चांगलं कोलेस्टेरॉल यांवरचा परिणाम मात्र वेगवेगळ्या पायरीवर दिसला. हे सगळं सरासरीत. सरासरीत तुम्ही आणि बाकावरचे ते गृहस्थ दोघंही असता, पण तुमच्यापैकी कोणीच सरासरी नसतो.

आता माझे दोन प्रश्न. तुमचं शेवटचं रक्त इंजेक्शननंतर कितव्या आठवड्यात घेतलं होतं? आणि फ्री टी-४, म्हणजे रक्तातलं मोकळं थायरॉईड हार्मोन, शेवटचं कधी पाहिलं? थकवा आणि थंडी एकत्र वाचली म्हणून विचारतो. पिट्यूटरीच्या पेशंटमध्ये नुसतं टीएसएच, म्हणजे पिट्यूटरीने थायरॉईडला धाडलेला निरोप, बघून चालत नाही, ते तयार करणारी ग्रंथीच आजारी असते.

---

लॅबवाला (४ ऑगस्ट, दुपारी १:०५)

डॉक्टरांनी वेळेचा प्रश्न विचारला त्यावर लिहितो, कारण रक्त काढणारा मी आहे आणि रोज हेच बघतो.

मागे एकजण आले, एनान्थेट घेऊन तिसरा दिवस. आकडा १२०० च्या वर. घाबरून त्यांनी डोस निम्मा करून घेतला. दुसरे एक आले तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी, आकडा १८०, आणि ते डोस वाढवून मागायला निघाले. दोघांच्या चिठ्ठीवर औषध तेच आणि मात्रा तीच होती.

आमच्याकडे येताना हे सांगत जा की इंजेक्शन कोणतं आणि कधी घेतलं. एनान्थेटसारख्या औषधात दोन इंजेक्शनांच्या मधोमध रक्त देतात. अनडेकॅनोएटमध्ये पुढचं इंजेक्शन घ्यायच्या आधी. जेल असेल तर लावल्यानंतर दोन ते आठ तासांत. आणि उपचार सुरूच झालेले नसतील, निदानासाठी तपासायचं असेल, तर सकाळी लवकर, उपाशीपोटी आणि दोन वेगवेगळ्या दिवशी. दुपारी जेवून दिलेल्या एका रक्तावर आयुष्यभराचं इंजेक्शन सुरू करू नका, कळकळीने सांगतो.

आणखी एक. केस गळतात म्हणून बायोटिनच्या गोळ्या घेणारे खूप आहेत. काही मशीनवर त्यामुळे टेस्टोस्टेरॉन खोटंच जास्त दिसतं. सांगत जा, आम्ही वेगळी तारीख देऊ.

---

अबोली_१२ (४ ऑगस्ट, रात्री ९:२०)

गोदाकाठ दादा, तुमचा धागा वाचून मलाही धीर आला.

माझ्या मुलाला क्लाइनफेल्टर आहे. एक्सएक्सवाय, म्हणजे जन्मतःच एक एक्स गुणसूत्र जास्त; त्यात वृषणात टेस्टोस्टेरॉन कमी बनतं. साधारण सहाशे मुलांमागे एकाला असतं असं डॉक्टर म्हणाले, आणि आमच्या सगळ्या नातेवाइकांत कुणी हा शब्दही ऐकलेला नव्हता. चौदाव्या वर्षी त्याला इंजेक्शन सुरू झालं, महिन्याला फक्त ५० मिलिग्रॅम.

ॲम्प्युल २५० ची. सिस्टर त्यातलं ०.२ मिली ओढायच्या, सुईच्या नळीत तळाशी जेमतेम दिसेल एवढं, आणि उरलेलं चार हिस्से टाकून द्यायच्या. मी ते बघत उभी राहायचे आणि माझा जीव खालीवर व्हायचा. पोराला कमी पडत असेल तर? आमच्या पालकांच्या ग्रुपवर एका आईने लिहिलं की तिच्या मुलाला २५० पूर्ण मिळतं. मी त्याच दिवशी डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, ‘ताई, तो मुलगा एकोणीस वर्षांचा असेल.’ खरंच तसं होतं. वयात येणाऱ्या मुलाला एकदम मोठ्या माणसाचा डोस दिला तर हाडांची वाढीची टोकं लवकर बंद होतात. म्हणून दोन-तीन वर्षांत पायरीपायरीने वर न्यायचं, जसं शरीराने स्वतः नेलं असतं तसं.

आता तो सतरा वर्षांचा आहे, डोस तीन वेळा वाढला. आणखी एक सांगते, कारण आम्हाला हे वेळेवर कळलं आणि सगळ्यांना कळत नाही: हे उपचार लांबवर चालवण्याआधी पुढे मूल हवं असण्याविषयी डॉक्टरांशी नीट बोलून घ्या. क्लाइनफेल्टरमध्येही काहींच्या वृषणातून शुक्रजंतू मिळू शकतात.

---

सह्यकडा (४ ऑगस्ट, रात्री १०:४०)

अबोलीताई, तुमचा शेवटचा परिच्छेद सगळ्यांनी दोनदा वाचावा. बाहेरून टेस्टोस्टेरॉन मिळालं की मेंदूला वाटतं पुरेसं आहे, एलएच आणि एफएसएच हे निरोप थांबतात आणि वृषण काम सोडतं. म्हणून ज्याला येत्या काळात मूल हवं आहे त्याला आम्ही टेस्टोस्टेरॉन देत नाही, वेगळी इंजेक्शनं देतो.

---

तालीमकर (५ ऑगस्ट, सकाळी ७:१०)

कोल्हापूर भागात पोरांना व्यायाम शिकवतो. डॉक्टरांच्या वरच्या ओळीला धरून मला बोलायलाच हवं.

माझ्या हाताखाली तयार झालेला एक पोरगा. घरची परिस्थिती बेताची, अंगकाठी देखणी. एका जिमवर कुणीतरी त्याला आठवड्याला ५०० मिलिग्रॅम टेस्टोस्टेरॉन सुरू करून दिलं. आधी त्याच्या रक्तात काही कमी आहे का, हे कुणी बघितलंच नाही. आठ महिने घेतलं. दंड फुगले, रक्तदाब वाढला. मग पैसे संपले म्हणून बंद केलं आणि पोरगा खचला. अंथरुणातून उठवेना. लग्न झालं, वर्ष गेलं, तपासलं तर शुक्रजंतूंची संख्या शून्य. दीड वर्ष उपचार चाललेत. आता थोडे दिसायला लागलेत.

या धाग्यात १२५, २५० असे आकडे आहेत. माझ्या पोरांपैकी कुणी वाचत असेल तर ऐक रे बाबा: हे आकडे ज्यांच्या अंगात हार्मोन तयारच होत नाही किंवा औषधाने थांबवलेलं असतं त्यांचे आहेत. तुझ्या अंगात ते रोज फुकट तयार होतंय.

---

सह्यकडा (५ ऑगस्ट, सकाळी ८:००)

तालीमकर, मनापासून आभार. याला जोडून एक जुना पुरावा. १९९० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या गटाने पुरुषांसाठी गर्भनिरोधक म्हणून २०० मिलिग्रॅम एनान्थेट दर आठवड्याला देऊन पाहिलं. निरोगी पुरुष, सगळ्यांना डोस एकच. साधारण दोन तृतीयांश जणांचे शुक्रजंतू पूर्ण शून्यावर गेले, बाकीच्यांचे नाही. आणि आशियातल्या पुरुषांमध्ये शून्यावर जाण्याचं प्रमाण युरोपीय वंशाच्या पुरुषांपेक्षा बरंच जास्त होतं. सारख्या डोसला शरीरं किती वेगळी वागतात याचं याहून स्पष्ट उदाहरण मला ठाऊक नाही.

---

नवा_किनारा (५ ऑगस्ट, रात्री ११:३०)

मी ट्रान्स पुरुष आहे, पुण्यात राहतो. इथं सगळे इतक्या समजुतीने लिहितायत म्हणून लिहायचं धाडस करतो.

आम्ही चार मित्र, दोन-तीन महिन्यांच्या अंतराने टेस्टोस्टेरॉन सुरू केलं. एकाचा आवाज तिसऱ्या महिन्यात फुटला. माझा आठव्या महिन्यात. एकाला वर्षभरात दाढी, मला हनुवटीखाली मोजून चार केस. आम्ही डोस एकमेकांना विचारायचो, आणि माझा कमी नव्हता, तरी मी स्वतःच पंधरा दिवसांचं इंजेक्शन दहा दिवसांवर आणलं. कुणाला सांगितलं नाही. घाई होती हो. इतकी वर्षं थांबल्यावर आणखी सहा महिने थांबणं काय असतं ते शब्दांत सांगता येत नाही.

चार महिन्यांनी हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातला लाल पेशींचा टक्का, ५५ आला. रक्त दाट झालं होतं, सकाळी डोकं जड, तोंड लालबुंद. डॉक्टर रागावल्या नाहीत. त्यांनी इंजेक्शन काही आठवडे थांबवलं, मग तेवढीच महिन्याची मात्रा आठवड्यांत वाटून दिली, पोटावर त्वचेखाली, बारीक सुईने. चढ-उतार कमी झाला, हिमॅटोक्रिट ४८ वर स्थिरावला. त्यांनी सांगितलं की ५४ ही लक्ष्मणरेषा. आणि पुरुषांच्या नेहमीच्या पातळीत आकडा असेल तर त्यापुढे वाढवून दाढी लवकर येत नाही, ती तुमच्या मामा-काकांच्या वळणाने येते. माझ्या मामांना तिशीत दाढी आली होती. हे आईने सांगितलं, तेव्हा दोन वर्षांनी आम्ही पहिल्यांदा नीट बोललो.

---

पारिजात (६ ऑगस्ट, सकाळी ९:४५)

नवा_किनारा, तुमचं शेवटचं वाक्य वाचून डोळे भरले.

माझ्या नवऱ्याचं जेल होतं, ५० मिलिग्रॅम रोज खांद्यावर. त्यातलं त्वचेतून आत जातं ते साधारण दहा टक्के, आणि तेही प्रत्येकाच्या त्वचेप्रमाणे वेगळं. ह्यांना ७५ केलं तेव्हा कुठे पातळी आली. पण मुलगी दोन वर्षांची, सतत बाबाच्या खांद्यावर. जेल लहान मुलांच्या अंगाला लागलं तर त्यांच्यात पुरुषी लक्षणं दिसू लागतात, हे डॉक्टरांनी सांगितलं आणि आम्ही सरळ इंजेक्शनवर गेलो. डोस ठरवताना घरात कोण आहे हेही बघावं लागतं.

---

गोदाकाठ (२८ सप्टेंबर, रात्री ९:०५)

उशिरा येतोय, माफ करा. वाट बघत होतो ती चौदाव्या आठवड्याची.

लॅबवाल्यांनी सांगितलं तसं इंजेक्शनच्या दिवशीच, आधी, सकाळी आठला उपाशीपोटी रक्त दिलं. चिठ्ठीवर मागच्या इंजेक्शनची तारीख स्वतः लिहिली. टेस्टोस्टेरॉन ४१२. चौदा आठवडे संपतानासुद्धा ४१२. हिमॅटोक्रिट ४६. डॉक्टर म्हणाल्या, हे दहावर आणलं तर वरची पातळी उगाच चढेल, रक्त दाट होईल, थकवा जाणार नाही.

कारण थकवा तिथला नव्हताच. सह्यकडा, तुमचा तो प्रश्न मी कागदावर लिहून नेला होता. फ्री टी-४ खालच्या रेषेच्याही खाली निघालं. दीड वर्ष माझं फक्त टीएसएच बघितलं जात होतं, इथल्या एका ठिकाणी, आणि ते ‘नॉर्मल’ होतं. थायरॉक्सिन ७५ वरून १०० केलंय. पाच आठवडे झाले. काल दुकानातल्या शिडीवर चढून वरच्या फळीवरचे बिजागऱ्यांचे खोके मी स्वतः उतरवले.

ओपीडीतले ते गृहस्थही भेटले. यावेळी मीच विचारलं. त्यांचं वजन ९८ किलो, माझं ५९. ऑपरेशननंतर फिटा येतात म्हणून त्यांना त्याची गोळी चालू आहे. त्यांनाही आधी बारा आठवडेच होते, पण बाराव्या आठवड्याला आकडा २१० आला, म्हणून दहावर आणलं. गंमत म्हणजे त्यांनाही गेला महिनाभर चैन नव्हती. त्यांना वाटत होतं, या नाशिककराला चौदा आठवडे पुरतं, मग माझंच काहीतरी बिघडलंय.

आम्ही बाकावर बसून मोबाईलच्या कॅलेंडरवर मोजलं. त्यांचे दहा आणि माझे चौदा एकाच दिवशी यायला आता सत्तर आठवडे लागतील. नंबर घेतलाय. ते दर रविवारी फोन करतात.